स्तनांचे स्वयंपरीक्षण

स्तनांचे स्वयंपरीक्षण म्हणजे स्त्रीने ठरावीक कालांतराने आरशात पाहून व हातांनी चाचपून स्वतःच्या स्तनांची केलेली तपासणी होय. आपल्या स्तनांची नेहमीची ठेवण व स्पर्श ओळखीचा व्हावा आणि त्यात नवा बदल झाल्यास तो लवकर ध्यानात यावा, हा या तपासणीचा हेतू असतो. स्वयंपरीक्षण ही निदानाची चाचणी नव्हे. आढळलेला बदल साधा आहे की कर्करोगाचा, हे केवळ वैद्यकीय तपासणीने ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार इ.स. २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार व्यक्ती या रोगाने दगावल्या. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. भारतातील स्त्रियांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. रोग पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात असताना उपचार सुरू झाल्यास ते अधिक सोपे व परिणामकारक ठरतात. मात्र दरमहा ठरावीक पद्धतीने केलेल्या स्वयंपरीक्षणामुळे मृत्यू कमी होतात असे मोठ्या अभ्यासांत दिसून आलेले नाही. त्यामुळे आज अनेक आरोग्यसंस्था काटेकोर मासिक तपासणीपेक्षा 'स्तनांविषयीची सजगता' या व्यापक कल्पनेवर भर देतात.

== संज्ञा ==

या विषयात चार संज्ञा वारंवार येतात व त्यांची अनेकदा गल्लत होते.

* स्वयंपरीक्षण : स्त्रीने स्वतः, ठरावीक दिवशी व ठरावीक क्रमाने केलेली तपासणी.
* स्तनांविषयीची सजगता : आंघोळ करताना, कपडे बदलताना किंवा सवडीने स्तनांकडे लक्ष देऊन आपली सामान्य स्थिती जाणून घेणे आणि बदल दिसताच वैद्यकीय सल्ला घेणे. यात ठरावीक तंत्र किंवा वेळापत्रक आवश्यक नसते.
* वैद्यकीय स्तनतपासणी : डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविकेने केलेली तपासणी.
* चाळणी तपासणी : कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तींमध्ये रोगाचा शोध घेण्यासाठी केलेली तपासणी. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, हा तिचा प्रमुख प्रकार आहे.

== स्तनाची रचना ==

प्रत्येक स्तनात साधारण १५ ते २० खंड असतात. प्रत्येक खंडात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे लहान पुंजके असून त्यांतील दूध दुग्धनलिकांवाटे स्तनाग्राकडे येते. ग्रंथी व नलिका यांच्या भोवती मेद आणि तंतुमय ऊती असतात. स्तनाला आधार देणारे तंतुमय बंध त्वचेपासून छातीच्या स्नायूंवरील आवरणापर्यंत गेलेले असतात. इंग्रज शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांच्या नावावरून त्यांना कूपरचे बंध म्हणतात. कर्करोगाच्या गाठीमुळे हे बंध आखडले की त्वचा आत ओढली जाऊन तेथे खळी पडते.

स्तनाच्या ऊती केवळ बाहेरून दिसणाऱ्या उभारापुरत्या नसतात. त्या वर गळपट्टीच्या हाडाच्या दिशेने, मध्यभागी उरोस्थीपर्यंत आणि बाहेरच्या बाजूस काखेपर्यंत पसरलेल्या असतात. काखेकडे जाणाऱ्या भागास स्तनाचे शेपूट असे म्हणतात. वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात ग्रंथींचे प्रमाण सर्वाधिक असते आणि स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीही याच भागात सर्वांत जास्त आढळतात. स्तनातून बाहेर पडणारी लसिका मुख्यतः काखेतील लसिकाग्रंथींकडे जाते. म्हणून स्तनाच्या कोणत्याही तपासणीत काख वगळून चालत नाही.

== सामान्य स्थिती ==

सर्व स्त्रियांना लागू पडेल असा 'सामान्य' स्तनाचा एकच नमुना नाही. काहींचे स्तन मऊ व एकसारखे लागतात, तर काहींचे दाणेदार किंवा दोरीसारख्या तंतूंनी भरलेले लागतात. दोन्ही स्तनांच्या आकारात थोडा फरक असणे नेहमीचे आहे. एखाद्या स्त्रीचे स्तनाग्र लहानपणापासूनच आत वळलेले असू शकते. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात. ते तेथील स्निग्ध ग्रंथींचे असून निरुपद्रवी असतात. स्तनाच्या खालच्या कडेला, विशेषतः मोठ्या स्तनांत, घट्ट कड्यासारखा भाग हाताला लागतो. बारीक अंगाच्या स्त्रियांना स्तनाखालच्या बरगड्या चाचपताना जाणवतात. पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्या स्त्रिया अनेकदा या दोन गोष्टींना गाठ समजून घाबरतात.

एकाच स्त्रीच्या बाबतीतही ही स्थिती वयाप्रमाणे व शरीरातील संप्रेरकांप्रमाणे बदलते.

* मासिक पाळी : पाळी येण्याआधीच्या आठवड्यात स्तन जड, ताठर व दुखरे होतात. दाणेदारपणा वाढल्यासारखा वाटतो. पाळीनंतर हे बदल ओसरतात.
* गर्भारपण व स्तनपान : स्तनांचा आकार वाढतो, शिरा ठळक होतात, स्तनाग्राभोवतीचे वर्तुळ अधिक गडद होते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला दूध साठून तात्पुरत्या गाठी जाणवतात. त्या बहुधा पाजल्यानंतर कमी होतात.
* रजोनिवृत्ती : ग्रंथींची जागा हळूहळू मेद घेतो आणि स्तन मऊ व सैल होतात. या वयात नव्याने लागलेली गाठ वैद्यकीय तपासणीशिवाय सोडू नये.
* औषधे : संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा रजोनिवृत्तीनंतर दिली जाणारी संप्रेरके यांमुळे स्तन हुळहुळे किंवा भरलेले वाटू शकतात.

म्हणून दोन प्रश्न उपयोगी ठरतात : हा भाग आधीपासून असाच होता का, आणि दुसऱ्या स्तनात त्याच जागी असेच लागते का? दोन्ही बाजूंस सारखा असलेला व पाळीबरोबर कमी-जास्त होणारा घट्टपणा बहुधा नैसर्गिक असतो. एकाच बाजूस नव्याने आलेला व पुढील पाळीनंतरही टिकून राहिलेला बदल दाखवणे आवश्यक असते. ठळक, कठीण गाठ किंवा स्तनाग्रातून रक्त यांसारखे लक्षण असल्यास पुढील पाळीची वाट पाहू नये.

== पद्धत ==

=== वेळ ===

पाळी येणाऱ्या स्त्रियांसाठी पाळी संपल्यानंतरचे काही दिवस सोयीचे असतात, कारण तेव्हा सूज व दुखरेपणा सर्वांत कमी असतो. पाळी बंद झालेल्या, गरोदर किंवा गर्भाशय काढलेल्या स्त्रियांनी महिन्यातील कोणताही एक लक्षात राहील असा दिवस ठरवावा, असे सुचवले जाते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी पाजून झाल्यावर, स्तन रिकामे असताना तपासणी केल्यास ती सोपी जाते.

=== निरीक्षण ===

पुरेशा उजेडात, कमरेपर्यंतचे कपडे उतरवून आरशासमोर उभे राहावे. प्रथम हात दोन्ही बाजूंस सैल सोडून, मग हात डोक्यावर उंचावून, त्यानंतर कमरेवर हात दाबून छातीचे स्नायू ताठ करून आणि शेवटी किंचित पुढे वाकून स्तन पाहिले जातात. हात उंचावल्यावर किंवा स्नायू ताणल्यावर, एरवी न दिसणारी खळी उठून दिसते. आकार, त्वचेचा रंग व पोत आणि स्तनाग्रांची दिशा यांकडे लक्ष दिले जाते.

=== चाचपणी ===

पाठीवर झोपल्यावर स्तनाच्या ऊती छातीवर पसरतात व पातळ होतात, त्यामुळे खोलवरचा भाग हाताला लागतो. ज्या बाजूचा स्तन तपासायचा त्या खांद्याखाली लहान उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवून तो हात डोक्याखाली घेतात आणि दुसऱ्या हाताने तपासणी करतात. तपासणी बोटांच्या टोकांनी न करता मधल्या तीन बोटांच्या पेरांच्या सपाट, मऊ भागाने करतात. बोटे न उचलता लहान वर्तुळे काढत प्रत्येक जागी तीन प्रकारचा दाब दिला जातो : त्वचेलगतच्या भागासाठी हलका, मधल्या भागासाठी मध्यम आणि बरगड्यांलगतच्या भागासाठी घट्ट.

कोणताही भाग सुटू नये म्हणून ठरावीक क्रम पाळला जातो. काखेपासून सुरुवात करून वरून खाली व खालून वर अशा उभ्या पट्ट्यांनी उरोस्थीपर्यंत जाण्याची पद्धत सर्वाधिक सुचवली जाते. शेतात नांगराची तासे एकाशेजारी एक पडावीत, तसा हा क्रम असतो. बाहेरून आत येणारी वर्तुळे किंवा स्तनाग्रापासून बाहेर जाणाऱ्या रेषा हे इतर दोन क्रम आहेत. वर गळपट्टीचे हाड, खाली स्तनाखालची घडी, आत उरोस्थी आणि बाहेर काखेची मध्यरेषा या तपासणीच्या सीमा होत. काख बसून किंवा उभे राहून, हात थोडासाच उचलून तपासतात. हात पूर्ण उंचावल्यास तेथील ऊती ताणल्या जातात व गाठ जाणवत नाही.

आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने केलेली चाचपणीही उपयुक्त असते, कारण ओल्या त्वचेवर बोटे सहज सरकतात. ज्या घरात स्त्रीला झोपून तपासणी करण्याइतका एकांत मिळत नाही, तेथे न्हाणीघर हीच बहुधा सोयीची जागा ठरते. स्राव येतो का हे पाहण्यासाठी स्तनाग्र पिळण्याची गरज नसते. पिळल्यावर येणारे थेंबभर पाणी अनेक निरोगी स्त्रियांत आढळते आणि त्याने विनाकारण काळजी वाढते.

== दखल घेण्याजोगे बदल ==

पुढील बदल आढळल्यास वैद्यकीय तपासणी करून घेण्याची शिफारस केली जाते.

* स्तनात किंवा काखेत नवी गाठ, किंवा एखादा भाग भोवतालच्या भागापेक्षा वेगळा व कठीण लागणे.
* स्तनाच्या आकारात किंवा ठेवणीत एकाएकी झालेला फरक.
* त्वचेवर खळी पडणे, सुरकुती येणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी छिद्रे दिसणे.
* पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा एका बाजूस वळणे.
* स्तनाग्रातून आपोआप, विशेषतः एकाच बाजूने, रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्राव येणे.
* स्तनाग्रावर किंवा त्याभोवती बरी न होणारी खाज, खपली, पुरळ किंवा व्रण. पॅजेटचा रोग या कर्करोगाच्या प्रकारात असे लक्षण दिसते व ते साधा इसब समजून दुर्लक्षिले जाऊ शकते.
* स्तन लाल, गरम व सुजलेला होणे आणि प्रतिजैविकांनीही सूज न उतरणे. क्वचित आढळणाऱ्या दाहक कर्करोगात वेगळी गाठ न लागता अशी सूज येते.

स्तनातील वेदना बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. उलट कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखतच नाही. 'दुखत नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही' ही समजूत त्यामुळे घातक ठरते.

== गाठ आढळल्यास ==

स्तनातील बहुतांश गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयात फायब्रोअ‍ॅडिनोमा ही गुळगुळीत, रबरासारखी व बोटांखाली सहज सरकणारी गाठ नेहमी आढळते. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत द्रवाने भरलेल्या पिशव्या होतात. अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत गळू होऊ शकते, तर मार लागल्यानंतर मेदाची कठीण गाठ बनू शकते. कर्करोगाची गाठ बहुधा कठीण, ओबडधोबड कडांची व एका जागी चिकटलेली असते. परंतु याला अपवाद पुष्कळ असल्याने केवळ स्पर्शावरून निष्कर्ष काढला जात नाही.

निदानासाठी तिहेरी तपासणी केली जाते. तिचे भाग पुढीलप्रमाणे :

# डॉक्टरांनी केलेली शारीरिक तपासणी.
# प्रतिमा : तरुण स्त्रियांत ग्रंथी दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून त्यांच्यात प्रामुख्याने सोनोग्राफी करतात. साधारण चाळिशीनंतर मॅमोग्राफी व गरजेनुसार सोनोग्राफी करतात.
# सुईने गाठीतील ऊतीचा अंश काढून केलेली सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, म्हणजेच बायोप्सी.

सुई टोचल्याने कर्करोग अंगभर पसरतो, हा प्रचलित गैरसमज आहे. या भीतीने बायोप्सी टाळल्यास निदान लांबते आणि दरम्यान रोग वाढू शकतो. इ.स. २०२१ मध्ये सुरू झालेल्या जागतिक स्तन कर्करोग उपक्रमात, रुग्ण पहिल्यांदा आरोग्यसेवेकडे आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने ठेवले आहे.

== इतिहास ==

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॅमोग्राफी प्रचारात नव्हती आणि स्तनाच्या गाठी बहुधा स्त्रियांनाच प्रथम सापडत. त्या लहान असतानाच सापडाव्यात या विचाराने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचे शल्यचिकित्सक कुशमन हागेन्सन यांनी स्वयंपरीक्षणाचा पुरस्कार केला. इ.स. १९५० च्या सुमारास अमेरिकन कॅन्सर सोसायटीने याविषयी चित्रपट तयार करून गावोगावी दाखवला. पुढील दशकांत दरमहा स्वयंपरीक्षण करण्याचा सल्ला अनेक देशांत रूढ झाला. इ.स. १९७० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी कृत्रिम स्तनांच्या प्रतिकृतींवर बोटांच्या स्पर्शक्षमतेचा अभ्यास केला. तीन स्तरांचा दाब व उभ्या पट्ट्यांची पद्धत त्यातून पुढे आली.

स्पर्शाच्या या प्रशिक्षणाचा वेगळा विस्तार जर्मनीत झाला. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रँक हॉफमन यांनी दृष्टिहीन स्त्रियांना स्तनतपासणीचे व्यावसायिक प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. त्या धर्तीवर भारतातही, दिल्ली येथे, दृष्टिहीन स्त्रियांना असे प्रशिक्षण दिले गेले आहे.

== परिणामकारकतेविषयीचे संशोधन ==

स्वयंपरीक्षणाने मृत्यू कमी होतात का, हे तपासण्यासाठी दोन मोठे अभ्यास झाले. पहिला इ.स. १९८५ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघात सुरू झाला. दुसरा चीनमधील शांघाय येथील कापडगिरण्यांतील स्त्री-कामगारांत झाला. शांघायमधील अभ्यासात २,६६,०६४ स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांना स्वयंपरीक्षण शिकवले गेले, त्याची उजळणी करून घेतली गेली आणि देखरेखीखाली सरावही करून घेतला गेला. इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने १३५, तर न शिकवलेल्या गटात १३१ मृत्यू झाले, म्हणजे व्यवहारतः फरक पडला नाही. कर्करोग नसलेल्या गाठी मात्र शिकवलेल्या गटात २,७६१ व दुसऱ्या गटात १,५०५ आढळल्या. परिणामी अनेक स्त्रियांना अनावश्यक बायोप्सी व मानसिक ताण सोसावा लागला. दोन्ही अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या, इ.स. २००३ मधील कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्षही हाच होता.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. या अभ्यासांनी लक्षणे नसलेल्या स्त्रियांना ठरावीक तंत्र शिकवण्याचा परिणाम मोजला. स्वतःला जाणवलेली गाठ लगेच दाखवावी की न दाखवावी, हा त्यांचा प्रश्न नव्हता. शांघायमध्ये न शिकवलेल्या गटातील स्त्रियांनाही आपल्या गाठी सापडतच होत्या.

या संशोधनानंतर शिफारशी बदलल्या. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने इ.स. २००३ मध्ये स्वयंपरीक्षण ऐच्छिक ठरवले आणि इ.स. २०१५ पासून ते चाळणी तपासणी म्हणून सुचवणे थांबवले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने इ.स. २००९ मध्ये ते शिकवण्याविरुद्ध मत दिले. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासूनच सजगतेचा पंचसूत्री संदेश दिला जात होता : आपली सामान्य स्थिती जाणा, पाहा व चाचपा, कोणते बदल महत्त्वाचे ते समजून घ्या, बदल विनाविलंब कळवा आणि वय होताच चाळणी तपासणीस जा.

== भारतातील स्थिती ==

भारतात सर्व स्त्रियांसाठी नियमित मॅमोग्राफीची सार्वजनिक व्यवस्था नाही आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथे हा रोग सरासरी कमी वयात आढळतो. बहुसंख्य रुग्णांत गाठ प्रथम स्त्रीलाच जाणवते. त्यामुळे मॅमोग्राफी सहज उपलब्ध असलेल्या देशांतील शिफारशी येथे जशाच्या तशा लागू करण्यास मर्यादा येतात आणि सजगतेचे महत्त्व अधिक ठरते.

केंद्र शासनाच्या इ.स. २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून स्तनतपासणी करण्याची तरतूद आहे. घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीत स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आणि आकारातील बदल यांविषयीचे प्रश्न असतात.

या क्षेत्रातील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात झाले आहे. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६० च्या दशकात, तर पहिली ग्रामीण नोंदणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे इ.स. १९८७ मध्ये सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शीच्या ग्रामीण भागापेक्षा मुंबईत बरेच अधिक असल्याचे या नोंदींतून दिसले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने इ.स. १९९८ मध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत स्तनतपासणी केली व कर्करोगाविषयी माहिती दिली. इ.स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, निदानाच्या वेळी तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असलेल्या रुग्णांचे प्रमाण तपासलेल्या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. एकूण मृत्युदरातील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही. मात्र ५० वर्षे व त्यापुढील स्त्रियांत मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. महागड्या यंत्रांवाचून, प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणीही उपयोगी पडू शकते, हे या अभ्यासाने दाखवले.

== सामाजिक अडथळे ==

स्तन या अवयवाविषयीचा संकोच, पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्याची लाज, मुलीच्या लग्नात अडचण येईल ही भीती, शस्त्रक्रियेत स्तन गमावण्याचे भय, उपचारांच्या खर्चाची चिंता आणि कुटुंबाच्या कामांपुढे स्वतःच्या प्रकृतीला दिलेले दुय्यम स्थान यांमुळे भारतात अनेक स्त्रिया गाठ जाणवल्यानंतरही महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाहीत. या काळात झाडपाला, लेप किंवा मालिश यांवर वेळ जातो. गाठ लहान असताना अनेकदा संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढता येतो, म्हणजे ज्या भीतीने उशीर केला जातो ती उशिरामुळेच खरी ठरण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांना आर्थिक संरक्षण मिळते.

== मर्यादा ==

स्वयंपरीक्षणात काही आढळले नाही म्हणजे रोग नाहीच, असे म्हणता येत नाही. अगदी लहान किंवा खोलवरच्या गाठी हाताला लागत नाहीत, म्हणून चाळणी तपासणी किंवा वैद्यकीय तपासणी यांना स्वयंपरीक्षण पर्याय ठरत नाही. आई, बहीण किंवा मुलगी यांना स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झालेल्या, तसेच बीआरसीए १ किंवा बीआरसीए २ या जनुकांत दोष असलेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो. त्यांच्यासाठी तपासणीचे वेगळे वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. दुसरीकडे, बहुसंख्य रुग्णांच्या कुटुंबात हा रोग पूर्वी कोणालाही झालेला नसतो. स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे एक टक्का रुग्ण पुरुष असतात. पुरुषांच्या स्तनाग्राखाली लागलेली कठीण गाठही त्यामुळे दाखवणे आवश्यक ठरते.